अण्णा आणि बडी गाय

'अण्णा, आज संध्याकाळी बडी गायला ऐकायला जायचंय.'

'कसली गाय?'

झालं! पुढची दहा मिनिटं मी समजावत होतो. गाय नाही अण्णा, 'गाय' हे त्याचं आडनाव. अमेरिकेतला खूप मोठा माणूस. गिटार वाजवतो, गातो. ब्ल्यूज म्हणतात त्याला. अण्णांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, 'येतो की. घरात बसून तरी काय करायचं?'

फेब्रुवारी २०२३ मधला तो रविवार. खरं सांगायचं तर अण्णांना न्यायचा माझा काडीचाही प्लॅन नव्हता. तिकिटं मी आणि माझ्या रूममेटनं काढली होती आणि ऐन वेळी त्याला गावी जावं लागलं. अण्णा कोल्हापूरहून आले होते ते डॉक्टरांना दाखवायला. उजवा हात थरथरायला लागला होता. शनिवारी डॉक्टरांनी सांगितलं, पार्किन्सन्सची सुरुवात आहे, गोळ्या घ्या, व्यायाम करा, घाबरू नका. अण्णा घाबरले नाहीत. फक्त म्हणाले, 'म्हणजे पेटी संपली.'

अण्णांनी उद्यमनगरात लेथवर ३४ वर्षं काढली. पण मंगळवार पेठेत त्यांची ओळख पेटीवाले म्हणून. भजनी मंडळात रविवार रात्र पक्की. तरुणपणी केशवराव भोसले नाट्यगृहात एका हौशी संगीत नाटकाला त्यांनी साथ केली होती. हा किस्सा आमच्या घरी इतक्या वेळा झालाय की आम्ही भावंडं तो सुरू झाला की उठून जायचो. हात थरथरायला लागल्यावर पेटी कॉटखाली गेली, आणि वर्षभर कुणी तिचं नावही काढलं नाही.

तर, संध्याकाळ. बांद्र्याचा मेहबूब स्टुडिओ. तुम्ही कधी महिंद्रा ब्ल्यूजला गेला असाल तर तिथला क्राऊड डोळ्यांसमोर येईल. लिननचे शर्ट, हॅट्स, हातात बीअर, अस्खलित इंग्लिश. आणि त्यात आमचे अण्णा! पांढरा पायजमा, नेहरू शर्ट, डोक्यावर टोपी, पायात कर्रकर्र वाजणारी कापशी चप्पल. मी चार पावलं पुढं चालत होतो. मुद्दाम. आता लिहितानाही लाज वाटते, पण चालत होतो.

आणि व्हायचं तेच झालं. समोरून ऑफिसमधली टीम लीड! 'हाय! तू ब्ल्यूज ऐकतोस?' मग तिची नजर अण्णांकडे गेली. 'आणि हे?'

माझ्या तोंडून निघून गेलं, 'हे... गावाहून आलेत. पाहुणे आहेत.'

अण्णा दोन हातांवर होते. त्यांनी तिला नमस्कार केला. उजवा हात थरथरत होता, तो डाव्यानं धरून केला.

आत गेलो. अंधार, धूर, निळे दिवे. आणि मग तो आला. पोल्का डॉट्सवाला शर्ट, पोल्का डॉट्सवाली गिटार, चेहऱ्यावर पोरकट हसू. टाळ्या-शिट्ट्यांचा नुसता पाऊस.

'वय किती म्हणालास ह्याचं?'

'८६.'

'आयला!'

मग मी अण्णांच्या कानात ओरडून ओरडून माहिती द्यायला लागलो. लुईझियानात १९३६ साली जन्म, घरची गरिबी, लहानपणी दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचायला जायचा. खिडकीच्या जाळीची तार काढून पहिलं वाद्य घरीच बनवलं. १९५७ मध्ये शिकागोला आला. तिथं मडी वॉटर्ससारख्या दिग्गजांबरोबर वाजवायचा, पण पोटासाठी बंद पडलेल्या गाड्या ओढून नेणारा ट्रकसुद्धा चालवला. ते ठिपके? गाव सोडताना आईला थाप मारली होती, तुला ठिपक्याठिपक्यांची कॅडिलॅक आणून देईन. आई गेली, गाडी राहिली. म्हणून गिटारवर ठिपके. मडी वॉटर्स १९८३ ला गेला, बी. बी. किंग २०१५ ला. त्या पिढीशी थेट नातं सांगणारे आता बोटावर मोजण्याइतके. त्यात हा निरोपाचा दौरा...

'तू जरा गप बसतोस का?' अण्णा म्हणाले. 'ऐकू दे की.'

मी गप्प बसलो.

त्यानं सुरुवातीला आवाजाचा डोंगर उभा केला. गिटार किंचाळत होती. मला वाटलं, अण्णा आता कानावर हात ठेवणार. मग एकदम त्यानं आवाज खाली आणला. अजून खाली. बँडही दबक्या पावलांनी मागं सरकला. शेवटी एकच तार, तीही जेमतेम छेडलेली. हातातले ग्लास तसेच राहिले. इतक्या गर्दीत कुणी खोकलंसुद्धा नाही.

अण्णा पुढं झुकले होते. तोंड किंचित उघडं.

'मोठ्यानं वाजवणं सोप्पं असतंय,' ते पुटपुटले. 'हळू वाजवायला वय लागतंय.'

मी ब्ल्यूजबद्दल बरंच वाचलं होतं. बारा मात्रांचे नव्हे, बारा बारचे आवर्तन, तीन कॉर्ड्स, तार ओढून दोन सुरांच्या मधला सूर काढणं वगैरे. हे सगळं न वाचता अण्णांनी नेमकं तेच पकडलं. 'ती बघ, मींड! दोन पट्ट्यांच्या मधली जागा. पेटीत ती जागाच नाही रं. ह्या पट्टीवरनं त्या पट्टीवर उडीच मारायची. मधलं पेटीवाल्यानं मनात ऐकायचं.' मग जरा थांबून, 'आणि तोबी चुकतोय बरं का मधनंच. बोटं पहिल्यासारखी नसणार. पण चुकलं की हसतोय आणि तिथनंच पुढं जातोय.'

बाहेर पडलो तेव्हा माझे कान वाजत होते. रिक्षात अण्णा खिडकीबाहेर बघत होते. मला वाटलं आता तो विषय निघणार. 'पाहुणे'. नाही निघाला. त्यांनी अल्लादिया खाँसाहेबांची गोष्ट काढली. खाँसाहेब म्हणजे आमच्या गावचं दैवत, शाहू महाराजांच्या दरबारचे गवई. कोल्हापूरला यायच्या आधी गाऊन गाऊन त्यांचा आवाज गेला होता, असं सांगतात. बरा झाला, पण पहिला आवाज काही परत मिळाला नाही. मग जो आवाज उरला त्याला शोभेल अशी गायकी त्यांनी घडवली. आज जगभर जयपूर-अत्रौली म्हणून जी गायकी ऐकतात, ती.

'ही गोष्ट मी पोरांना शंभर वेळा सांगितली असंल,' अण्णा म्हणाले. 'स्वतःला एकदाबी नाही सांगितली.'

सोमवारी रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये बसवून दिलं. सॉरी म्हणायचं होतं. गाडी सुटेपर्यंत मी पाण्याची बाटली, गोळ्यांचं वेळापत्रक, चादर यांवर बोलत राहिलो.

मग नेहमीचंच. ऑफिस, डेडलाईन्स, अप्रायझल. फोनवर आईकडून कळलं की पेटी दुरुस्तीला मिरजेला गेली. मग कळलं की परत आली. 'वाजवतात का?' विचारलं तर म्हणाली, 'दार लावून वाजवतात.' मी काही गेलो नाही बघायला. सुट्ट्या शिल्लक नव्हत्या. बॉस, सुट्ट्या कधी शिल्लक असतात?

८ ऑगस्ट २०२४. रात्री उशिरा फोन. अण्णा स्वतःहून कधी इतक्या रात्री फोन करत नाहीत.

'थेटर जळतंय रं.'

केशवराव भोसले नाट्यगृह. शाहू महाराजांनी १९१५ मध्ये उभं केलेलं. ज्यांचं नाव त्याला दिलंय त्या केशवरावांची जयंती दुसऱ्याच दिवशी, ९ ऑगस्टला. अण्णा बोलत नव्हते, पण फोन ठेवतही नव्हते. मागून बंबांचे आवाज, लोकांची रडारड. ज्या स्टेजचा किस्सा सुरू झाला की मी उठून जायचो, ते स्टेज जळत होतं.

शुक्रवारी रात्रीच महालक्ष्मी पकडली. शनिवारी अण्णांबरोबर तिथं गेलो. माणसं नुसती उभी होती, मयताच्या घरासमोर उभी राहतात तशी. काळ्या भिंती, वाकलेलं लोखंड. मी म्हटलं, 'अण्णा, तुम्ही साथ केली तेव्हा पेटी कुठल्या बाजूला होती?' त्यांनी माझ्याकडे जरा आश्चर्यानंच बघितलं. मग हात करून दाखवलं. तो किस्सा मी पहिल्यांदाच पूर्ण ऐकला. गंमत म्हणजे चांगला आहे. दुसऱ्या अंकात लाईट गेली होती, हे मला माहीतच नव्हतं!

रविवारी रात्री भजन होतं. श्रावण सुरू झालेला, मंडळ फुल्ल. अण्णा पुढच्या ओळीत, पेटी समोर. माझ्या पोटात गोळा. उजवा हात पट्ट्यांवर आला, थरथरला, स्थिर झाला. पूर्वी सुरांची नुसती बरसात करायचे. आता निम्मे सूर गाळलेले. एक सूर धरायचा, भाता हळू सोडायचा, गाणाऱ्याला जागा द्यायची. मध्येच एक पट्टी चुकली. अण्णा हसले आणि तिथूनच पुढं गेले. टाळकरी त्यांच्यासाठी आवाज खाली आणत होते. ३२ वर्षांच्या आयुष्यात मी माझ्या बापाला पहिल्यांदा ऐकत होतो.

बडी गायचं म्हणाल तर तो काही थांबलेला नाही. २०२५ मध्ये 'सिनर्स' सिनेमात दिसला, आणि त्याच वर्षी ३० जुलैला, ८९ व्या वाढदिवशी, त्याचा नवा अल्बम आला. अण्णांना सांगितलं तर म्हणाले, 'गाय दूध देतीया म्हण की अजून.'

पण त्या रविवारचं राहिलंच. भजन संपवून चहा आला तेव्हा मंडळातल्या एका नवीन गृहस्थांनी माझ्याकडे बोट दाखवलं. 'पेटीमास्तर, हे कोण?'

अण्णांनी बशीतला चहा संपवला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

'हे होय? मुंबईहून आलेत. पाहुणे आहेत.'

मी मान खाली घातली. मंडळींना काही कळलं नाही. अण्णांनी पेटी पुन्हा पुढं ओढली, भाता सोडला आणि शेजारच्याला म्हणाले,

'पाहुण्याला टाळ द्या.'