नानीचा हात आणि न दिसणारं विष

माझं माहेर रत्नागिरी जिल्ह्यात खाडीकाठी, सासर मराठवाड्यात. लग्नानंतर पहिल्यांदा माहेराहून तिसऱ्यांचं सालन डब्यात भरून नेलं, तेव्हा सासूबाईंनी झाकण उघडून पाहिलं आणि हलकेच परत लावलं. "बेटा, ये अपने में नइ चलता." आम्ही कोकणी मुसलमान बहुतेक शाफई, आम्हाला शिंपले-कालवं चालतात. सासरचे हनफी, त्यांना समुद्रातली फक्त मासळी चालते. वीस वर्षं आमच्या दस्तरखानावर या विषयाची थट्टामस्करी चालू आहे. पण शिंपल्यांबद्दलचा एक प्रश्न असा आला, की ना शाफई उत्तर कामाला आलं, ना हनफी.

माझी भाभी गावातल्या बचत गटात आहे. दहा जणींनी मिळून खाडीत तराफा बांधला, दोऱ्यांना शिनाण्यांचं बी लावलं. शिनाणे म्हणजे हिरव्या कवचाचे शिंपले. पाऊस संपला की बी लावायचं आणि पुढचा पाऊस यायच्या आत माल काढायचा, असं हे पीक. गटाचे अर्ज, हिशेबाची पत्रं मी लिहून देते, एवढाच माझा संबंध.

गेल्या वर्षी मे महिन्यात माल काढायची तयारी झाली आणि मोबाईलवर एक मेसेज फिरू लागला. समुद्राचं पाणी लाल झालंय, शिंपले विषारी झालेत, कुणीही खाऊ नका. कुठला समुद्र, कुणी तपासलं, काही नाही. दोन दिवसांत गिऱ्हाइकं फिरली. भाभीचा फोन आला. "आपा, तुम्ही शिकलेल्या. खरं सांगा, आमच्या शिनाण्यांत विष आहे का?"

मी उर्दू आणि मराठी शिकवते. मला उत्तर ठाऊक नव्हतं. म्हणून वाचायला घेतलं.

शिनाणा काही शोधून खात नाही. पाणी आत घेतो, गाळतो, त्यातलं सूक्ष्म शैवाल पोटात ठेवतो. एक शिनाणा तासाला काही लिटर पाणी गाळतो. या शैवालाच्या हजारो जाती आहेत आणि त्यातल्या थोड्याच विष तयार करतात. ऊन, खत आणि वारा-पाण्याचं गणित जमलं की अशी एखादी जात अचानक फोफावते. शिनाणा ती गाळत राहतो, विष त्याच्या मांसात साठत जातं आणि बहुतेक वेळा त्याला स्वतःला काही होत नाही. म्हणजे तो जिवंत असतो, ताजा असतो, चवीला नेहमीसारखाच लागतो.

इथे मला नानी आठवली. नानी टोपलीतली प्रत्येक तिसरी बोटाने ठोकून बघायची. उघडी राहिली ती मेलेली, फेकून द्या. शिजवल्यावर जी उघडली नाही तीही बाजूला. नानीची परीक्षा अगदी बरोबर होती, पण ती सडलेल्या शिंपल्याची परीक्षा होती. या विषाला वास नाही, रंग नाही, चव नाही. उकळून, तळून, आमसूल घालून ते जात नाही. नानीच्या हातावर माझा जेवढा भरवसा होता तेवढा कुणावरच नव्हता, पण हे विष त्या हाताला कळलं नसतं.

पाण्याचा रंगही भरवशाचा नाही. आपल्या किनाऱ्यावर कधी कधी रात्री लाटा निळ्या चमकतात आणि लोक गाड्या काढून बघायला जातात. ती चमक नॉक्टिल्युका नावाच्या जिवाची. तो खूप वाढला तर पाण्यातला प्राणवायू घटतो, मासळी मरते. पण माणसाला शिंपल्यातून बाधणारं विष तो तयार करत नाही. उलट विषारी जातींनी पाण्याचा रंग जराही न बदलता शिंपले बाधित केल्याचे दाखले आहेत.

हे काही परदेशातलंच दुखणं नाही. 1981 साली तामिळनाडूत वायलूरला शिंपले खाऊन 85 जण रुग्णालयात दाखल झाले, तिघे गेले. 1997 च्या सप्टेंबरात केरळात विळिंजमजवळ पाचशेहून जास्त लोक आजारी पडले, सात जण दगावले. ते शेतीतले नव्हे, खडकावरचे शिंपले होते. पण खाडीचं पाणी खडक आणि तराफा असा भेद करत नाही. या विषाने आधी ओठ, जीभ, बोटं बधिर होतात, मुंग्या येतात. विष जास्त असेल तर श्वासाचे स्नायू थांबतात. त्यावर उतारा नाही; विष उतरेपर्यंत कृत्रिम श्वास देणं एवढंच डॉक्टरांच्या हातात असतं. म्हणून शिंपले खाल्ल्यावर असं काही वाटलं तर सकाळची वाट बघू नका. लगेच रुग्णालय गाठा आणि काय खाल्लं ते सांगा.

शेतीतल्या शिंपल्यांची गोष्ट कॅनडातली आहे. 1987 च्या अखेरीस प्रिन्स एडवर्ड बेटावरचे शिंपले खाऊन शंभरावर लोक आजारी पडले, तिघे मेले. वाचलेल्यांपैकी काहींची स्मरणशक्ती गेली. जुनं आठवायचं, नवं काही टिकायचं नाही. शास्त्रज्ञांनी काही दिवसांतच कारण शोधलं. डोमोइक आम्ल. गंमत म्हणजे जपानमध्ये ज्या समुद्री शेवाळातून ते आधीच ओळखीचं होतं, ते शेवाळ तिथे जंतांवरचं औषध म्हणून देत असत. तोच पदार्थ, मात्रा वेगळी.

त्यानंतर तिथे नियमित तपासणी सुरू झाली. हंगामात वरचेवर पाण्याचा नमुना घ्यायचा, सूक्ष्मदर्शकाखाली शैवालाच्या पेशी मोजायच्या. शिंपल्याचं मांस प्रयोगशाळेत पाठवायचं. एक किलो मांसात 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त डोमोइक आम्ल निघालं तर काढणी बंद. लकवा आणणाऱ्या विषाची मर्यादा त्याहून कडक, किलोला 0.8 मिलिग्रॅम. बंदी म्हणजे पीक बुडालं असं नाही. पाणी स्वच्छ झालं की शिनाण्यासारखे शिंपले काही आठवड्यांत विष बाहेर टाकतात, पुन्हा तपासणी होते, काढणी सुरू. आज कॅनडातल्या या शिंपल्यांचं बहुतांश उत्पादन त्याच बेटावर होतं. तपासणीने धंदा मेला नाही, उभा राहिला.

हे सगळं वाचून मी आमच्या शिनाण्यांचा नमुना कुठे द्यायचा ते विचारायला निघाले. चार ठिकाणी फोन केले. कुणी म्हणालं, आमचं काम नाही. कुणी म्हणालं, माल परदेशी जाणार असेल तर बोला. एका भल्या माणसाने सांगितलं की होईल, पण नमुना बर्फात लांब पाठवावा लागेल आणि खर्च तुमचा. गटाच्या खात्यात तेवढे पैसे नव्हते.

पूर्वी प्रयोगशाळेत शिंपल्याचा अर्क उंदराला टोचत आणि तो किती वेळात मरतो ते घड्याळ लावून बघत. आता त्याची जागा बऱ्याच ठिकाणी यंत्रांनी घेतली आहे. आमच्या खाडीवर ती जागा भाभीने घेतली. एका संध्याकाळी तिने वाटीभर शिनाणे शिजवले. मुलांना दिले नाहीत, भाईजानला सांगितलं नाही. एकटीने खाल्ले आणि मगरिबपासून इशापर्यंत ओठांना बोट लावत बसून राहिली. मला दुसऱ्या दिवशी सांगितलं, हसत हसत. मी खूप रागावले. तिला काही झालं नाही, पण त्यातून सिद्ध काय झालं? तेवढी एक वाटी ठीक होती, एवढंच. दुसऱ्या दोरीचं काय, पुढच्या आठवड्याचं काय?

गिऱ्हाईक आलंच नाही. जूनमध्ये पाऊस लागला, खाडीचं पाणी गोडं झालं आणि उरलेले शिनाणे दोरीवरच मेले. त्यांत विष होतं की नव्हतं, आम्हाला कधीच कळलं नाही. विष नसेल, तर दहा जणींचं वर्षाचं कष्ट एका मेसेजने बुडवलं. असेल, तर तो मेसेज नसता आला तर काय झालं असतं, याचा विचार करवत नाही.

ईदचा चाँद दिसला असं कुणी म्हटलं म्हणून आपण ईद करत नाही. गवाही लागते. गवाही नसेल तर तीस रोजे पुरे करतो आणि कुणाची तक्रार नसते. मग जे पोरांच्या ताटात वाढायचं त्याची गवाही नको? शिंपले चालतात, एवढंच आमच्या उलेमांनी सांगितलं. हलालबरोबर तय्यिब, म्हणजे स्वच्छ आणि निर्दोष, हा शब्दही आलाय. त्याची गवाही नानी देऊ शकत नाही, मी देऊ शकत नाही. ती प्रयोगशाळेनेच द्यायची आणि ती बाजारात विकणारीलाही परवडली पाहिजे, फक्त निर्यात करणाऱ्याला नव्हे.

या हंगामासाठी गटाचा अर्ज मी लिहून दिला आहे. मागण्या दोनच. हंगामात आमच्या खाडीचं पाणी आणि शिनाणे ठरावीक दिवसांनी तपासा, आणि निकाल मराठीत व उर्दूत गावात लावा, चांगला असो की वाईट. दहा जणींच्या सह्या आहेत, त्यात दोघींचे अंगठे. पोच मिळाली आहे, उत्तर अजून नाही. आलं की इथे लिहीन.