लालीचा ठिकाणा

कुत्रा हा शब्द आमच्या मोहल्ल्यात बहुतेक वेळा शिवी म्हणूनच कानावर पडतो. उर्दू शिकवताना तर पंचाईतच होते. पतरस बुखारींचा ‘कुत्ते’ हा मजमून वाचून दाखवला की वर्ग हसून लोळतो. फैज यांची याच नावाची नज्म ‘नक्श-ए-फरियादी’त आहे, ती ऐकून वरच्या वर्गातली मुले गप्प होतात. एकात कुत्रा विनोदासाठी येतो, दुसऱ्यात माणसाचे दुःख सांगण्यासाठी. त्याला ठेवायचे कुठे, हा प्रश्न दोघांनाही पडलेला नाही. तो मला पडला, २०२५ च्या नोव्हेंबरात.

लाली आमच्या शाळेत आली ती २०२३ च्या पावसाळ्यात. धानाची पोती भरलेल्या ट्रॅक्टरची ट्रॉली गल्लीत वळताना तिचा मागचा पाय चिरडला होता. दीड-दोन महिन्यांचे पिल्लू. शिपाई चाचांनी तिला बारदान्यात गुंडाळून आणले आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, “मॅडम, मरेगी तो भी यहीं मरने दो.” ती मेली नाही. पशुवैद्यकीय दवाखान्यात पाय बांधला, तो जरा आखूडच जुळला. तीन महिन्यांची झाल्यावर रेबीजची लस दिली, नंतर दरवर्षी देत गेलो, आणि पुढच्या हिवाळ्यात तिचे ऑपरेशनही करून घेतले. पोषण आहाराचा उरलेला भात तिला मिळे. मधल्या सुट्टीत ती पायरीवर बसे. मुले तिच्या अंगावरून उड्या मारत जात, पण ती कुणाला चावल्याचे एकही उदाहरण नाही.

७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके, रेल्वेस्थानके यांच्या आवारातली भटकी कुत्री हलवावीत, नसबंदी आणि लसीकरण करून निवाऱ्यात ठेवावीत, उचलली त्या जागी पुन्हा सोडू नयेत. २०२३ च्या नियमांप्रमाणे कुत्रे जिथून उचलले तिथेच परत सोडायचे असते. शाळांसारख्या जागांसाठी ते आता उरले नाही. हेडसरांनी मला ऑफिसात बोलावले. चांगला माणूस. आवाज न चढवता म्हणाले, “बाई, एक आठवडा घ्या, दोन घ्या. पण ठिकाणा बघा.”

हा आदेश निर्दय आहे असे मी म्हणणार नाही. मी शिक्षिका आहे. पिसाळल्याचा संशय असलेल्या जनावरांनी चावलेल्या माणसांत सुमारे ४० टक्के मुले १५ वर्षांखालची असतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की इलाज जवळजवळ नाहीच. माझ्या वर्गातल्या मुलांचे आईबाप सकाळी कामाला जातात ते संध्याकाळी येतात. मुलाला ओरखडा निघाला तर त्यांना रात्रीपर्यंत कळतही नाही. तेव्हा आवार मोकळे हवे, हे बरोबरच. प्रश्न एवढाच होता की लाली म्हणजे ‘भटकी कुत्री’ हा गट नव्हता. ती एक होती, तिला नाव होते, आणि तिच्या लसीचे कार्ड माझ्या कपाटात होते.

सल्ले पुष्कळ मिळाले. सगळ्यांत सोपा सल्ला असा, की पोत्यात घालून पांगोली नदीपलीकडे सोडून यायचे. हे आमच्याकडे सर्रास करतात आणि त्याला ‘सोडणे’ म्हणतात, जणू पिंजऱ्यातला पोपटच सोडला. परक्या हद्दीत सोडलेल्या कुत्र्याला तिथली कुत्री फाडतात. आखूड पायाची मादी तर दोन रात्री काढणार नाही.

मग घरी का नेले नाही? आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो, वरच्या मजल्यावर. सासूबाई, म्हणजे आमच्या अम्मी, पाच वक्त नमाजी. त्यांनी एकाच वाक्यात विषय संपवला, “जिस घर में कुत्ता, उस में फरिश्ते नहीं आते.” ही हदीस आहे, तिच्याशी मी भांडणार नव्हते. पण मग बाकीच्याही आठवू लागल्या. तहानेने माती चाटणाऱ्या कुत्र्याला मोज्यात पाणी भरून पाजणारा माणूस. बनी इस्राईलमधली बदनाम बाई, जिने आपला मोजा ओढणीला बांधून विहिरीतून पाणी काढले आणि तेवढ्यावर तिची बख्शिश झाली. दोन्ही बुखारी शरीफमध्ये आहेत. आणि सूरह कहफ? जुम्म्याला आमच्या घरोघर ती वाचली जाते. गुहेत झोपलेल्या त्या नेक तरुणांचा कुत्रा उंबऱ्याशी पुढचे पाय पसरून बसला आहे, आणि ते किती जण होते याची चर्चा येते तेव्हा दर वेळी त्यालाही मोजणीत धरले आहे. तफसीरवाल्यांनी त्याला कितमीर असे नावसुद्धा दिले.

मी मौलानांकडे गेले. मला वाटले होते, ते टाळतील. त्यांनी उलट शांतपणे समजावले. शौक म्हणून कुत्रा पाळणाऱ्याच्या सवाबातून रोज कीरात कमी होतो. पण शिकारीसाठी, शेतीसाठी, गुराढोरांच्या राखणीसाठी पाळायला हदीसमध्येच सवलत आहे. सूरह माइदामध्ये तर शिकवलेल्या शिकारी कुत्र्याने धरून आणलेले खाण्याची परवानगी आहे. आपल्या हनफी मसलकात त्याची लाळ नापाक, अंग नव्हे. कोकणातले आपले शाफई भाई यात अधिक कडक आहेत, ते अख्खा कुत्रा नापाक मानतात. आणि इमाम मालिक यांच्याकडे तो पाकच. “बेटी, नापाक होना और बात है, जुल्म करना और,” मौलाना म्हणाले. मग त्यांनीही तोच प्रश्न विचारला, जो पुढे महिनाभर मला सगळ्यांनी विचारला, “नर है या मादी?”

लालीचा ठिकाणा शोधताना मला मजहब फारसा आडवा आला नाही, हा प्रश्न आला. एका राइस मिलच्या मुनीमजींना राखणीला कुत्रे हवे होते. मादी म्हटल्यावर नको झाले. मी म्हटले, ऑपरेशन झाले आहे, पिल्ले होणार नाहीत. तरी नको. एका सहकारी सरांच्या मेहुण्याला लॅब हवा होता, नाहीतर पॉमेरियन. “देसी को क्या दिखाना!” एका शेजारणीने विचारले, लंगडी का? मग म्हणाली, लंगडी आणि वर मादी, कोण घेणार. बोलून झाल्यावर ती स्वतःच जरा थांबली. तिच्या तीन मुली माझ्याच शाळेत शिकून गेल्या आहेत. आम्ही दोघींनी विषय बदलला.

गोरेगाव तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने मात्र लगेच होकार दिला. रानडुकरे धान उपटतात, बांध्यांवर भुंकायला कोणीतरी पाहिजे. मी जवळजवळ हो म्हटलेच होते, तेवढ्यात तो सहज बोलून गेला, आधीची दोन बिबट्याने नेली. त्याचे गाव नागझिऱ्याच्या जंगलाला लागून. नवेगाव आणि नागझिरा मिळून २०१३ साली व्याघ्र प्रकल्प झाला, तिथल्या बिबट्याला गावकुत्रे म्हणजे सोपी शिकार. शिवाय उलटाही धोका असतो. गावकुत्र्यांचा डिस्टेंपर रानातल्या जनावरांत जातो. २०१८ साली गीरमध्ये वीसहून अधिक सिंह दगावले, त्यांतल्या काहींत हाच विषाणू सापडला होता. नागझिरा रानकुत्र्यांसाठी ओळखला जातो. मी त्या शेतकऱ्याला नकार कळवला. त्याला वाईट वाटले असेल, पण माझा नाइलाज होता.

शेवटी ठिकाणा लागला तो सातवीतल्या एका मुलीमुळे. तिची नानी आमगावकडे एका खेड्यात राहते. बेवा बाई, वीस-बावीस बकऱ्या, तणसाने शाकारलेला कोठा. त्या तालुक्यातून वाहणाऱ्या नदीचे नाव वाघ, पण गाव धानाच्या बांध्यांमधले, जंगल लांब. मी आधी दोनदा स्वतः जाऊन पाहिले. खालांनी नर की मादी हे विचारलेच नाही. हलाल-हराम विचारले नाही. त्यांचा एकच प्रश्न होता, “रात को भौंकती क्या?” मी म्हटले, भुंकते. “फिर ठीक है. लकड़बग्घा आता इधर.”

मी अटी सांगितल्या. दरवर्षी लस, दिवसभर साखळी नाही, सांभाळणे जमले नाही तर सोडून न देता मला फोन. कुत्रे दत्तक घेणाऱ्याने ते पुन्हा रस्त्यावर येऊ देऊ नये, हे २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशातही होतेच. खालांनी ऐकून घेतले आणि अंगणातल्या एका कोनाड्याकडे बोट दाखवले. तिथे मातीचे वेगळे भांडे आधीच मांडून ठेवलेले होते.

डिसेंबरच्या एका रविवारी मुलीच्या मामूंच्या छोटा हत्तीत लाली गेली. तिचा तोच जुना बारदाना बरोबर दिला, वासाने जनावर स्थिरावते. पहिले दहा दिवस तिला बांधूनच ठेवायला सांगितले, नाहीतर नव्या जागेहून कुत्रे जुन्या वाटेने पळते आणि रस्त्यात गाडीखाली येते. खायला एकाच हाताने घालायचे. बकऱ्या आधी लांबून दाखवायच्या, दोरी हातात ठेवून; एकदा पाठलागाची चटक लागली की सुटत नाही. चौथ्या दिवसापर्यंत तिने काही खाल्ले नाही. मी रोज फोन करत होते. पाचव्या दिवशी खाला म्हणाल्या, “रोटी खाई, दूध में भिगो के.”

घरी अम्मींनी तोवर एक गोष्ट सुरू केली होती. रात्रीची शिळी रोटी त्या वेगळ्या फडक्यात बांधून ठेवत आणि सकाळी माझ्या पिशवीजवळ ठेवत. विचारले तर म्हणत, शाळेत चिमण्या असतील. लाली गेल्यावरही आठवडाभर रोटी येत राहिली. मग एके दिवशी त्यांनी विचारले, तिकडे बकऱ्यांनी त्रास तर नाही ना दिला.

जानेवारीत एक बकरी व्याली, दोन करडे झाली. त्या रात्री लाली कोठ्याच्या दाराशी बसली ती उठेना, आणि पाहायला आलेल्या शेजाऱ्यावर गुरगुरली. खालांनी मला फोन करून तक्रारच केली, “तुम्हारी लाली किसी को अंदर नहीं आने देती, अब मैं क्या करूँ?” मी म्हटले, दोन दिवस जाऊ द्या. तिची लस जूनमध्ये आहे. कार्ड मी अजून माझ्याकडेच ठेवले आहे. सुट्टीत आमगावला जाईन तेव्हा खालांच्या हातात देईन.