भाकरी गोड लागेपर्यंत

मंगळवेढ्याच्या काळ्या रानातली मालदांडी ज्वारी मुळातच गोडसर. तरी आजीचा आग्रह असे, की घास गोड लागेपर्यंत चावायचा. "पाण्यासंगं ढकलू नगंस गं," ती म्हणायची. घरात कडक भाकऱ्यांची चळत कायम रचलेली असे. पातळ थापलेली, पार कोरडी होईस्तोवर शेकलेली भाकरी कडाकडा मोडायची, वर उखळात कुटलेली शेंगाचटणी घ्यायची आणि जबड्याला कामाला लावायचं.

पुढे मी प्राथमिक शाळेत शिकवू लागले. पचनाचा धडा आला की मुलांना डब्यातला भाकरीचा तुकडा सावकाश चावायला लावी. वर्ग एरवी कधी नसे इतका शांत होई. मग एकेक हात वर. "बाई, गोड लागलं!" लाळेतलं अमायलेज स्टार्चची साखर करतं, हे फळ्यावर लिहिण्याआधी त्यांच्या जिभेला कळलेलं असे. प्रयोगाचं साहित्य: भाकरी. लाळ कुणी साहित्यात धरत नाही.

निवृत्तीनंतर गालाच्या आत एक जखम झाली, ती भरेचना. आमच्या भागात पिढ्यान् पिढ्या बायका मिश्री लावत आल्या. भाजून काळी केलेली तंबाखूची पूड, दातांना चांगली म्हणून आईनं लेकीला, सासूनं सुनेला दिलेली. माझं ऑपरेशन झालं, मग रेडिएशन. कॅन्सर गेला. त्यानंतरचं फारसं कुणी बोलत नाही, म्हणून मला तेच लिहायचं आहे.

लाळेच्या मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या असतात: कानांपुढे, जबड्याखाली आणि जिभेखाली. निरोगी माणसात दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. तोंडाच्या कॅन्सरला ऑपरेशननंतर साधारण ६० ग्रे किरण दिले जातात, रोज थोडे थोडे करत सहा आठवडे. ग्रंथी नेमक्या त्या वाटेत येतात आणि त्याच्या निम्म्याहून कमी मात्रेतही त्या आटू लागतात. उरते ती चिकट, तार धरणारी लाळ. भाकरीचा घास तोंडात भुशासारखा फिरत राहतो. कितीही चावा, गोड होत नाही. रात्री जीभ टाळूला चिकटते, म्हणून उशाशी तांब्या.

आता मी भाकरी ताकात नाहीतर पातळ आमटीत कुस्करून, पार भिजवून खाते. हुलग्याचं माडगं सोपं जातं. शेंगाचटणी मात्र सुटली. तिखट लागलं की तोंडाची आग होते. लग्नाच्या पंगतीत बसायचं मी बरीच वर्षं टाळलं, कारण दर घासाला पाणी पिणाऱ्या बाईकडे माणसं बघतात.

आणि हे एवढ्यावर थांबत नाही. लाळ दातांवरचं आम्ल धुऊन काढते, त्यांना कॅल्शियम पुरवते. ती आटली की दात हिरडीजवळच्या कडेला किडतात, म्हणून फ्लोराइडची जेल लावावी लागते. किडलेला दात सहज उपटूनही चालत नाही. किरणांनी जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कमी झालेला असतो. जखम भरली नाही तर हाडच मरू लागतं, आणि हा धोका जन्मभर राहतो. चावण्याचे स्नायू आखडतात, तोंड उघडेनासं होतं. मी आइस्क्रीमच्या काड्यांची चळत दातांमध्ये धरून रोज व्यायाम करते, जमेल तशी एखादी काडी वाढवते. मानेवर किरण पडल्यानं थायरॉइडही मंदावते. मला सारखी थंडी वाजे, पायऱ्या चढवत नसत. घरात सगळे म्हणाले, वय झालं. टीएसएचच्या तपासणीत खरं कारण निघालं आणि सकाळच्या एका गोळीनं मी पुन्हा हिंडूफिरू लागले. मानेला रेडिएशन झालेल्या प्रत्येकानं ही तपासणी दर सहा ते बारा महिन्यांनी करून घ्यायला हवी.

तक्रार केली की लोक म्हणतात, "बाई, वाचलात हे काय कमी आहे?" त्यांच्या मनात माया असते, मला कळतं. पण या वाक्यापुढे माणूस गप्प बसतो आणि गप्प बसलं की इलाज होत नाही. जीव वाचल्याचं समाधान मला रोज आहे. म्हणून जेवता न येणं हे दुखणं नव्हे, असं कसं होईल?

किरणांचा मारा हवा तसा वळवून ग्रंथी वाचवता येतात. आयएमआरटी या पद्धतीची ब्रिटनमधली पार्सपोर्ट चाचणी २०११ साली प्रसिद्ध झाली. वर्षभरानंतर तोंड त्रासदायक कोरडं पडलेल्यांचं प्रमाण जुन्या पद्धतीत ७४ टक्के होतं, नव्या पद्धतीत ३८. गाठ कुठे आहे यावर ते अवलंबून असतंच, पण मशीन सुरू होण्याआधी विचारावं जरूर.

गेल्या हिवाळ्यात गल्लीतल्या एका तरुणाच्या जिभेला गाठ निघाली. माझा जुना विद्यार्थी. भाकरी चावून हात वर करणाऱ्यांतला. रेडिएशनची तारीख ठरल्याचं सांगायला तो आला, तेव्हा मी पहिलं विचारलं, "दात दाखवलेस का रे?" दाखवले नव्हते. दुसऱ्याच दिवशी आम्ही दातांच्या डॉक्टरांकडे गेलो. दोन किडक्या दाढा काढाव्या लागल्या. जखम भरायला वेळ हवा, असं त्यांनी चिठ्ठीत लिहून दिलं आणि कॅन्सरच्या डॉक्टरांनी ते ध्यानात घेऊन पहिली तारीख पुढे नेली.