तक्ते नकोत, अळी घे

चि. सोनू,

तुझा लांबलचक व्हॉइस मेसेज ऐकला. जर्मनीत इकडेतिकडे विखुरलेल्या मराठी घरांतली पाच मुलं, सगळी चार ते सहा वर्षांची, शनिवारी सकाळी व्हिडिओ कॉलवर जमणार आणि तू त्यांना मराठी वाचायला शिकवणार, हे ऐकून आत्याची छाती फुगली. मग शेवटी तू विचारलंस, ‘बाराखडीचे चांगले तक्ते पुण्यात कुठे मिळतील?’ अगं, अप्पा बळवंत चौकात ढिगानं मिळतात. पण मी पाठवणार नाही.

त्याऐवजी त्या पाच घरांत एरिक कार्लच्या चित्रांच्या पुस्तकातली ‘ती’ भुकेली अळी आहे का, ते विचार. बहुतेक असेलच. एरिक कार्ल तसा तुमच्या श्टुटगार्टचाच म्हणायचा. जन्म 1929 चा, अमेरिकेतला. पण तो सहा वर्षांचा असताना आईवडील त्याला घेऊन जर्मनीला परतले आणि त्याचं शाळकरी वय तिथेच गेलं. अळीचं पुस्तक 1969 चं. सोमवारी ती एक सफरचंद खाते, मंगळवारी दोन नाशपाती, असं करत करत शुक्रवारी पाच संत्री, आणि शनिवारी केकपासून कलिंगडापर्यंत दिसेल ते. मग पोट दुखतं. यात मराठी कुठे आलं, असं विचारशील. वार आले, आकडे आले, फळं आली, आणि मुख्य म्हणजे गोष्ट मुलांना आधीच पाठ आहे. ‘पुढे काय झालं’ हे कळण्यात त्यांची शक्ती खर्च होत नाही, ती सगळी बोलण्याला मिळते. पुस्तक जर्मन असलं तरी बिघडत नाही. गप्पा मराठीत मारायच्या.

आता गप्पा म्हणजे काय ते नीट सांगते, कारण भले भले इथेच घसरतात. ‘हे काय आहे?’ ‘सफरचंद.’ ‘शाब्बास!’ ही तोंडी परीक्षा झाली. उत्तर तुला ठाऊक, पोराला ठाऊक, विचारायचं कशाला? ‘शनिवारी हिनं एवढं का गं खाल्लं असेल?’ असं विचार आणि गप्प बस. कॉलवर शांतता फार लांब वाटते, नेट गेलं की काय अशी धास्ती वाटते. मनात दहापर्यंत मोज, पण तोंड उघडू नकोस. मूल नुसतं ‘पोट दुखलं’ म्हणालं, तर तू त्यात भर घाल: ‘हो ना, खूप खाल्लं म्हणून अळीचं पोट दुखलं.’ मग तुझं म्हणणं त्याला त्याच्या तोंडानं म्हणू दे. अमेरिकेत ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1988 साली दोन वर्षांच्या मुलांच्या आईवडिलांना नेमकं हेच शिकवलं होतं. वाचून कमी दाखवा, विचारा जास्त, मूल बोलेल त्यात भर घाला, एवढंच. महिन्याभरात त्यांची मुलं, नेहमीच्या पद्धतीनं वाचून दाखवलेल्या मुलांपेक्षा बोलण्यात काही महिन्यांनी पुढे गेली.

हे स्क्रीनवरून जमेल का, ही तुझी शंका रास्त आहे. 2014 साली रोझबेरी, हर्श-पासेक आणि गोलिंकॉफ यांनी दोन-अडीच वर्षांच्या मुलांना नवी क्रियापदं शिकवून पाहिली: काहींना समोर बसून, काहींना व्हिडिओ कॉलवर, काहींना रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओवर. कॉलवरची मुलं समोर बसलेल्यांइतकीच शिकली, रेकॉर्डिंगवाली शिकली नाहीत. पलीकडचं माणूस आपल्या बोलण्याला तिथल्या तिथे उत्तर देतं की नाही, यावर सगळं अवलंबून. म्हणून गैरहजर मुलाला वर्गाचं रेकॉर्डिंग पाठवायचा तुझा बेत सोडून दे. त्याच्याशी बुधवारी पाच मिनिटं फोनवर बोल, ते शंभरपट बरं. अर्थात हा प्रयोग बोलायच्या शब्दांचा आहे, लिपीचा नाही, लिपीकडे येतेच.

पण त्याआधी भोकं. या पुस्तकाच्या पानांना खरोखरीची भोकं आहेत, अळीनं कुरतडलेली. (ती पाडून देणारा परवडणारा छापखाना अमेरिकेत मिळेना, म्हणून पहिली आवृत्ती जपानात छापली.) मुलांची बोटं आपसूक त्या भोकांत जातात. ही मजा कुठलीही स्क्रीन देणार नाही, म्हणून प्रत्येक मुलाच्या मांडीवर त्याचं पुस्तक हवंच. तू पान स्क्रीनवर शेअर करू नकोस. तसं केलंस की तुझा चेहरा पोस्टाच्या तिकिटाएवढा होतो, आणि मुलांना तर चेहराच हवा असतो. ‘बोट घाला, पलीकडून कोण डोकावतंय?’ म्हण आणि पाचही चौकटींतली बोटं बघ.

सगळ्यांकडून एकसुरात म्हणून घेण्याच्या फंदात मात्र पडू नकोस. आवाज मागेपुढे पोचतात, ‘सोमवार’ पाच ठिकाणी पाच वेळा होतो आणि मुलं खिदळत सुटतात. एकेकाला नावानं बोलाव. वीस-पंचवीस मिनिटं पुरेत.

आता लिहिणं. फोन दोन डब्यांवर आडवा टेकव, मागचा कॅमेरा खाली, त्याखाली कोरा कागद आणि जाड काळं स्केचपेन. मुलं जे बोलली त्यातलं एकच वाक्य घे, त्यांच्या देखत लिही, लिहिताना तोंडानं म्हण. ‘अळीचं पोट दुखलं.’ शब्दांमध्ये ऐसपैस जागा सोड, शिरोरेघ शेवटी ओढ. मग बोट फिरवत वाच, मग ज्याचं वाक्य त्याच्याकडून वाचून घे. आपण बोललो ते कागदावर बसलं आणि आठवड्यानंतरही तेच म्हणतंय, हे पोराला एकदा उमगलं की निम्मं काम झालं. न्यूझीलंडमध्ये सिल्व्हिया अ‍ॅश्टन-वॉर्नर माओरी मुलांना त्यांनी स्वतः मागितलेले शब्दच कार्डावर लिहून द्यायच्या. 1963 च्या ‘टीचर’ या पुस्तकात त्यांनी ते सगळं लिहून ठेवलंय.

तक्ते का नकोत, तेही यातच आहे. ‘किती’ लिहून बघ. कागदावर वेलांटी क च्या अलीकडे उभी, कानाला मात्र क आधी आणि इ नंतर. मूल डावीकडून वाचायला जातं आणि अडखळतं. ती वेलांटी तुझ्या हातानं काढली जाताना त्यानं पाहिली पाहिजे. छापील तक्त्यात ती आधीच जाऊन बसलेली असते. पान, पोट, पाणी असं करत प तीनदा भेटला की पोरंच ओरडतात, ‘हा तोच!’ मग चार-सहा अक्षरं ओळखीची झाली की त्यांची नवी जुळणी करायला दे, आणि बाराखडी त्यानंतर खुशाल म्हणून घे. कार्ड समोरच्या कॅमेऱ्याला धरशील तेव्हा तुला तुझीच अक्षरं उलटी दिसतील, आरशातल्यासारखी. गडबडून कार्ड फिरवू नकोस, मुलांना सुलटंच दिसतं.

अळी संपली की मराठीच पुस्तक लागेल. माधुरी पुरंदरे यांच्या ‘राधाचं घर’चे मी पाच संच पाठवते, तक्त्यांचे पैसे त्यात घालते. पार्सल पोचेपर्यंत प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर बघ, 2015 पासून तिथे मराठीसकट कितीतरी भाषांतली चित्रांची पुस्तकं फुकट आहेत. छापून घ्या, म्हणजे मांडीवर पुस्तक हा नियम मोडणार नाही.

राहता राहिले आईबाप. शेजारी बसून ‘सांग ना, येतंय ना तुला’ असं कुजबुजणाऱ्या माणसाला प्रेमानं पण ठामपणे स्वयंपाकघरात पाठव. महिन्याभरानं त्यांतलंच कुणीतरी विचारेल, ‘अजून अ-आ-इ-ई सुरू झालं नाही?’ वाद घालत बसू नकोस. त्यांना माझा नंबर दे, मी बोलते.

तुझी,
आत्या