वास कधी येतो?

खोपोलीत जळक्या वासाचं कुणाला नवल वाटत नाही. बोरघाट उतरून आलेल्या ट्रकांचे लायनर इतके तापलेले असतात की चहाच्या टपरीपर्यंत त्यांचा वास येतो. घाटातल्या शिंग्रोबाच्या देवळात नाणं वाहून उतरणारे जुने ड्रायव्हर खालच्या गियरमध्ये, ब्रेकला जपत येतात. बाकीचे ब्रेकवर पाय ठेवूनच. त्यामुळे इकडे गाडीत जळकं काही जाणवलं की आधी ठरवावं लागतं, हे आपलं की पुढच्याचं?

माझं घर कर्जतला, काम खोपोलीकडे. पळसदरीमार्गे रोजची ये-जा. भातलावणीच्या दिवसांत त्या रस्त्यावर पुढे-मागे एकही ट्रक नसताना रबर जळाल्यासारखा वास आला, आणि तो आपलाच हे ठरून गेलं.

मग सल्ले सुरू झाले. शेजारी म्हणाले, क्लच. नेरळहून माथेरानच्या दस्तुरी नाक्यापर्यंत पाहुण्यांना सोडून आलो होतो, म्हणून त्यांना तसं वाटलं. यात तथ्य असतं. कर्जत-लोणावळा रेल्वेचा चढ 37 ला 1 असा आहे; तो चढायला कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिनं जोडतात. मोटारीला मागून ढकलणारं कुणी नाही. शनिवार-रविवारी दस्तुरीच्या रांगेत अर्ध्या क्लचवर गाडी तोलून धरली की सगळा भार त्या प्लेटवर येतो. पण क्लचचा वास कागद जळाल्यासारखा असतो, चढावर येतो, आणि प्लेट गेली असेल तर इंजिन ओरडतं पण गाडी ओढत नाही. माझी गाडी ओढत होती.

ब्रेक अडकलाय का, तेही पाहिलं. थोडं चालवून थांबायचं आणि हाताचा मागचा भाग प्रत्येक चाकाच्या रिमजवळ न्यायचा, डिस्कला मात्र लावायचा नाही. एकच चाक बाकीच्यांपेक्षा फार तापलेलं असेल तर तिथे ब्रेक सुटत नाहीये. चारही सारखी होती. खाली वाकून सायलेन्सरही पाहिला. पावसाळ्यात धबधब्यांवर येणारी मंडळी वेफर्सच्या पिशव्या रस्त्यावर टाकून जातात. त्यातली एखादी तापल्या सायलेन्सरला चिकटली की दिवसभर वास सोडते. तसंही काही नव्हतं.

एका मोठ्या वर्कशॉपमध्ये एसी लावून पाहिला, वास वाढला, आणि कंप्रेसर बदला म्हणून सांगितलं. अंदाज 25 हजारांचा. त्या आकड्यानेच मला खोपोलीतल्या एका लहान गॅरेजात नेलं.

तिथले मेस्त्री बॉनेट उघडण्याआधी बोलायला लागले. मी वासाचं वर्णन करू लागलो तसे म्हणाले, “साहेब, कसा येतो ते राहू द्या. कधी येतो ते सांगा.” चढाला की सपाटीला? गाडी तापल्यावर की सकाळी स्टार्ट करताच? आधी काही आवाज होतो का? पाण्यातून गाडी घातली होती का?

उत्तरं देता देता माझं मलाच कळत गेलं. सकाळी स्टार्ट करताच चींऽ असा आवाज, मागोमाग वास. एसी लावला की जास्त, बंद केला की कमी, पण पूर्ण जात नाही. आणि मागच्या मुसळधार पावसात ओढ्याचं गढूळ पाणी फरशी पुलावरून वाहत असताना मी गाडी काढली होती.

“कमी होतो, जात नाही ना? मग एकट्या कंप्रेसरवर खापर कशाला?” ते म्हणाले.

इंजिन बंद करून त्यांनी पुढचा पट्टा, म्हणजे फॅनबेल्ट, सोडवला. सोडवण्याआधी तो कसा गुंडाळलाय याचा मोबाइलवर फोटो काढला. ही सवय मला फार आवडली. पट्ट्याच्या आतल्या बाजूला काचेसारखी चमक आली होती. रबर घसरून घासलं की अशी चमक येते, मग पकड आणखी सुटते, आणखी घासतं. पट्ट्याविना इंजिन काही सेकंदच चालवलं. चीं आवाज गायब. म्हणजे दोष पट्ट्याच्या वाटेवरच.

पुढे त्यांनी एकेक पुली हाताने फिरवली. अल्टरनेटरची गुळगुळीत फिरली, कंप्रेसरचीही. पट्टा ताणून धरणाऱ्या टेन्शनरची पुली मात्र खरखरत होती, मधेच अडत होती. गढूळ पाणी बेअरिंगमध्ये शिरलं, ग्रीस गेलं, चिखल वाळून बसला. पुली अडली की पट्टा तिच्यावरून नुसता घासत जातो. एसी लावल्यावर पट्ट्यावरचा भार वाढतो, म्हणून तेव्हा वास जास्त. कंप्रेसर बिचारा फुकट बदनाम झाला होता.

टेन्शनर आणि पट्टा, दोन्ही बदलले. कंप्रेसरच्या अंदाजाच्या पाचव्या हिश्शात काम झालं. नुसता पट्टा बदलून भागेल का, असं मी विचारलं होतं. “नवा पट्टाबी तीच पुली खाणार,” एवढंच उत्तर मिळालं. आवाज बसावा म्हणून पट्ट्याला साबण चोळायची काहींना सवय असते, तिच्यावरही ते भडकले. साबणाने आवाज दबतो, अडलेली पुली तशीच राहते.

पट्टा घाटात तुटला असता तर आधी बॅटरीचा लाल दिवा लागला असता. ज्या गाड्यांत पाण्याचा पंप याच पट्ट्यावर असतो, त्यांचं इंजिन पाठोपाठ तापतं. असा दिवा लागला तर पुढचं वळण गाठायची घाई नको, डावीकडे थांबा.

आमच्याकडे फरशीवरून पाणी दर वर्षी वाहतं. शक्यतो त्यात गाडी घालूच नका. घालावीच लागली तर नंतर आठवडाभरात पुल्या हाताने फिरवून बघायला सांगा. पट्टा काढल्यावर हे काम मिनिटांचं आहे. आणि वास रबराचा नसून नाकाला झोंबणारा, प्लॅस्टिकसारखा असेल, तर उंदरांनी कुरतडलेली वायर असू शकते. शेताकाठी गाड्या लावणाऱ्यांना हे नवीन नाही. तेव्हा मात्र ‘कधी येतो’ विचारत बसू नका. गाडी बंद करा, सगळ्यांना खाली उतरवा, धूर नसेल तरच बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, आणि मेस्त्रीला गाडीपाशी बोलवा.