गोळीची निवड

राळेगणसिद्धीच्या शिवारात बसून दारूचे वजन किती घ्यावे याचा विचार करण्याची पाळी आम्हांवर येईल, असे कोणी भाकीत केले असते तर आम्ही त्यास वेड्यात काढले असते. १९७५ च्या सुमारास अण्णा हजारे लष्करातून गावी परतले. पुढे गावाने हातभट्ट्या विझविल्या, आणि दारूबंदी ही राळेगणची पहिली ओळख झाली. परंतु पिण्याच्या आणि बंदुकीच्या दारूस मराठीने एकच नाव देऊन ठेविले आहे. तेव्हा दोष असलाच तर तो भाषेचा, आमचा नव्हे!

झाले ते असे. पाणलोटाचे काम दाखवावे म्हणून विद्यार्थ्यांना घेऊन आम्ही तेथे गेलो होतो. मुले नालाबांध मोजीत होती आणि आम्ही लिंबाच्या सावलीत पाय पसरून बसलो होतो. इतक्यात भ्रमणध्वनीवर आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा निरोप आला. हा गृहस्थ अमेरिकेत मोंटाना राज्यात असतो. तेथे परवाना काढून हरणाची शिकार करिता येते, आणि हा काडतुसेही घरीच भरतो. त्याने लिहिले होते : "सर, .३०८ च्या रायफलीसाठी कोणती गोळी घेऊ? दुकानात इतके प्रकार आहेत की डोके चालत नाही. गतिशास्त्र तुम्हीच शिकविलेत."

प्रथम आम्हांस रागच आला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळवीट आपल्याकडे अवध्य ठरले आहे. आमच्याच जिल्ह्यात कर्जत तालुक्यातील रेहेकुरीस १९८० साली त्याच्यासाठी अभयारण्य झाले. आणि आमचाच शिष्य आम्हांस हरीण मारण्याची युक्ती विचारतो! खरमरीत उत्तर लिहावयास आम्ही बोट उचललेही. परंतु तेवढ्यात दृष्टी समोरच्या माळावर गेली आणि थोरल्या मामांची आठवण झाली.

मामांचे गाव याच पारनेर तालुक्यात. त्यांजपाशी पीकसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती. त्यांच्या पेटीत दारूचे शिंग, शिशाच्या गोळ्या ओतण्याचा साचा आणि सोनाराचा लहानसा तराजू असे. दारू ते गुंजांनी तोलीत. आम्हांस कळू लागले तेव्हा ती बंदूक सरकारजमा होऊन गेली होती. उरला होता तो तराजू, आणि एक गोष्ट. कायद्यापूर्वीच्या एका हिवाळ्यात हरभऱ्यात हरणे शिरली. ओतलेल्या गोळ्या संपल्या होत्या. नव्या ओतण्याचा कंटाळा करून मामांनी पाखरांसाठी ठेविलेले छर्रेच ठासले आणि बार काढला. हरणी पडली, उठली आणि माळ ओलांडून गेली. मामा दोन दिवस रक्ताचा माग काढीत हिंडले. तिसऱ्या दिवशी गिधाडे उतरली तेव्हा ठाव लागला. "नेम चुकला नव्हता रे," मामा म्हणत, "आळस नडला." त्यानंतर त्यांनी बंदूक भरली नाही.

उत्तर लिहिण्याचा आमचा आवेश या आठवणीने ओसरला. कारण शिष्य विचारीत होता तो प्रश्न मामांनी त्या दिवशी स्वतःस विचारला नव्हता.

गोळीचे काम केवळ हरणापर्यंत पोहोचणे एवढेच नाही. संपूर्ण धातूच्या कवचाची टणक गोळी अंगातून आरपार निघून जाते, आणि बारीक छिद्र घेऊन जनावर कोसभर पळते. नरम टोकाची गोळी आत शिरताच उमलते आणि फुप्फुसांचा कारभार क्षणात आटोपते. मात्र उमलण्यासही प्रमाण हवे. हलकी गोळी फार वेगाने जवळून मारली तर ती वरच्यावर फुटते. उलट दूर जाऊन तिचा वेग सेकंदास सुमारे १,८०० फुटांच्या खाली उतरला, तर पुष्कळ गोळ्या उमलतच नाहीत. १९४६ साली जॉन नॉस्लर या अमेरिकन शिकाऱ्याची गोळी मूस नावाच्या महाकाय हरणाच्या चिखलाने माखलेल्या अंगावर अशीच वाया गेली. त्याने घरी येऊन मध्ये तांब्याची आडभिंत असलेली गोळी घडविली : पुढचा भाग उमलावा, मागचा अखंड राहून खोल जावा. मामांनी तराजू ठेवून दिला, नॉस्लरने नवी गोळी केली. दोघांस बोचले होते ते एकच.

येथे माणसाच्या न्यायाची एक मोठी गंमत दिसते. अशीच उमलणारी गोळी इंग्रजांनी कलकत्त्याजवळच्या डमडम येथे तयार केली, आणि १८९९ साली हेग येथील परिषदेने ती युद्धात क्रूर म्हणून निषिद्ध ठरविली. इंग्लंडच्या १९९१ च्या हरीणविषयक कायद्यात मात्र हरणावर रायफल चालवावयाची तर नरम किंवा पोकळ टोकाचीच गोळी हवी, असा दंडक आहे. माणसावर जी क्रूरता, तीच हरणावर दया! विचार केला तर विसंगती वाटते तितकी नाही. सैनिक जखमी झाला तर त्यास डोलीत घालून नेणारे कोणी असते. जखमी हरणास कोण आहे?

आणखी एक गोष्ट. फुटलेल्या शिशाचे कण मांसात आणि टाकलेल्या आतड्यांत राहतात, आणि ते खाऊन कॅलिफोर्नियाची कॉन्डर गिधाडे विषबाधेने मरत. म्हणून त्या राज्याने १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळीस बंदी केली. निव्वळ तांब्याची गोळी सहसा फुटून विखुरत नाही; पण तांबे शिशाहून हलके, म्हणून तितक्याच वजनाची गोळी लांब होते आणि काडतुसात दारूची जागा खाते. तेव्हा वजन थोडे उतरविणे शहाणपणाचे.

शेवटी आम्ही उत्तर लिहिले : "१५० ग्रेनची तांब्याची, उमलणारी गोळी घे. दारूचे प्रमाण पुस्तकातील किमान आकड्यापासून आरंभून पायरीपायरीने वाढव. घाई केलीस तर रायफल तुझ्यावरच उलटेल. जेथवर तुझ्या पाचही गोळ्या वीतभर वर्तुळात पडतात, त्यापलीकडे बार काढू नकोस. आणि मनात किंचितही शंका आली तर हरीण जाऊ दे."

लिहून झाले खरे, परंतु पाठवावयास बोट धजेना. घरी आम्ही आवडीने मटण खातो, आणि खाटकाची सुरी धारदार होती की बोथट याची चौकशी आजवर एकदाही केलेली नाही. निदान या मुलाने चौकशी तरी केली. आम्ही निरोप पाठविला.

संध्याकाळी परतताना वाडेगव्हाणच्या वाटेवर पोरे एकदम ओरडली. पडीक रानात चार हरणे उभी होती. गाडी थांबली. त्यांनी मान वर करून आम्हांकडे पाहिले आणि पुन्हा चरू लागली. मामांच्या हरभऱ्यातली हरणे अशीच दिसत असतील, असे मनात आले. पण मुलांस आम्ही ती गोष्ट सांगितली नाही.