सहा वर्षांच्या आतलं लेकरू

कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यावर ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी असलेल्या साखरशाळेत मी शिकवायला लागले, तेव्हा माझ्याकडे मोठी मुलं होती. गावी परत जाईपर्यंत त्यांचं वाचन, पाढे मागे पडू नयेत, एवढं माझं काम. पण मुली वर्गात एकट्या येतच नसत. कुणाच्या कडेवर तान्हा भाऊ, कुणाचं बोट धरून तीन वर्षांची बहीण. बाळ रडलं की मुलगी उठायची, "बाई, कोपीवर जाऊ का?" म्हणायची आणि तिचा गणिताचा तास तिथंच संपायचा. मुलींची गळती का होते यावर मी प्रशिक्षणात पुष्कळ ऐकलं होतं. ते कारण इथं वर्गातच रांगत होतं.

मग मी कोप्यांवर, म्हणजे या कामगारांच्या झोपड्यांवर, जायला लागले. बीडकडची ही माणसं. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल आधीच घेतलेली, त्यामुळे पहाटे अंधारातच फड गाठायचा. "कोपीत ठिवलं तर चुलीची भीती, फडात नेलं तर ट्रॅक्टरची," एक आई मोळी बांधता बांधता म्हणाली. "तुमीच सांगा बाई, लेकरू कुठं ठिवू?" तिचं बाळ तेव्हा बैलगाडीखाली पाचटावर झोपलेलं होतं.

शिक्षण हक्क कायदा 6 ते 14 वर्षांच्या मुलांसाठी आहे. त्याआधीचं मूल अंगणवाडीचं. अंगणवाडी जवळच होती, पण तिच्या पटावर त्या गावची मुलं. सेविकाताईंना या लेकरांची कळकळ होती, मात्र शिधा पटाप्रमाणेच यायचा. तालुक्याच्या कार्यालयात सांगण्यात आलं, "यांची नोंद बीडला आहे, लाभ तिकडेच मिळेल." तिकडच्या गावात तर घराला कुलूप. म्हणजे वर्षातले पाच-सहा महिने हे मूल कुणाच्याच हिशेबात नाही, आणि तेही मेंदूची वाढ सर्वांत झपाट्याने होते त्या वयात. याचा मला राग आला आणि तो अजून गेलेला नाही.

मी कायदे वाचायला लागले. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने 3 ते 6 वर्षांच्या मुलाला ठरवून दिलेल्या पोषणमूल्यांचा आहार अंगणवाडीतून मोफत मिळायला हवा. मूल त्याच गावचं असावं, अशी अट त्यात नाही. सर्वोच्च न्यायालयाचा 13 डिसेंबर 2006 चा आदेश तर आणखी स्पष्ट आहे: वस्तीत सहा वर्षांखालची किमान 40 मुलं असतील आणि अंगणवाडी नसेल, तर मागणी केल्यापासून तीन महिन्यांत ती मिळाली पाहिजे. आमच्या कोप्यांवर मुलं त्याहून जास्त होती. आयांनी अंगठे उठवले, आम्ही अर्ज दिला. पण दिवाळीनंतर आलेली वस्ती उन्हाळ्याच्या तोंडाला उठते. अर्ज टेबलावरून टेबलावर फिरेपर्यंत हंगाम संपत आला होता.

अंगणवाडीचा मूळ विचार असा नव्हता. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, ते मुलांच्या वस्तीत, त्यांच्या अंगणात जाऊन. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणशाळाही काढली. 1975 मध्ये सरकारी योजना आली, अंगणवाडी देशभर पोचली, मूल असेल तिथं जायचं हा तिचा मूळ गुण मात्र पटाच्या वहीत अडकून पडला.

पुढच्या हंगामात गावच्या अंगणवाडीने आमच्या मुलांची नावं लिहून घेतली, खिचडी सुरू झाली. मला ते पुरेसं वाटत नाही. आई पहाटे जाते, अंगणवाडी सकाळी उशिरा उघडून दुपारी बंद होते. या घरांची पहिली गरज पाळणाघर आहे, दिवसभराचं. मातृत्व लाभ कायद्याच्या 2017 च्या दुरुस्तीने 50 किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत पाळणाघर बंधनकारक केलं. पण ऊसतोड बाई कारखान्याच्या हजेरीपटावर नसते, मुकादमाच्या वहीत असते, तीही नवऱ्याच्या नावाखाली. या बायकांची कामगार म्हणून स्वतंत्र नोंद व्हावी, ही माझी आताची मागणी आहे.

यंदा आम्ही काम बीडमधूनच सुरू केलं. गाड्या भरण्याआधी तिथल्या सेविकांना घेऊन याद्या केल्या: कोणतं मूल कोणत्या कारखान्याला जाणार, वजन किती, लसी कोणत्या राहिल्या, कोणती बाई गरोदर आहे. त्या यादीसकट अंगणवाडीचा आणि पाळणाघराचा अर्ज दसऱ्याआधीच दिला, म्हणजे तीन महिन्यांची मुदत हंगामातच संपेल. पोच घेतली आहे. उत्तर आलं नाही तर डिसेंबरमध्ये आयांना घेऊन जिल्हा परिषदेत जायचं ठरलं आहे.